आधी वाळवून दाखवा

एकरी १५ हजार गॅलन डिझेल. म्हणजे जवळपास ५७ हजार लिटर. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या जूल या कंपनीचा हा दावा होता. कच्चा माल काय, तर ऊन, पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि जनुकं बदललेले सायनोबॅक्टेरिया. आपल्याकडे शेतीखात्याच्या पत्रकांत ज्याला निळं-हिरवं शेवाळ म्हणतात, तेच हे जीवाणू. आता शेजारी आपला आकडा मांडा. मराठवाड्यातल्या कोरडवाहू सोयाबीनचा एकरी पाच क्विंटल उतारा धरला आणि त्यात १८ टक्के तेल, तर हाती येतं ९० किलो. एवढी तफावत ऐकून कुणाच्याही तोंडाला पाणी सुटेल. गुंतवणूकदारांच्या सुटलंच. सुमारे २० कोटी डॉलर जमले, २०१२ साली न्यू मेक्सिकोतल्या हॉब्ज गावी प्रात्यक्षिक प्रकल्प उभा राहिला, ऑडीसारखी मोटारकंपनी सोबतीला आली. २०१७ साली जूल बंद पडली.

त्या कंपनीला आज नावं ठेवण्यात अर्थ नाही. तिथले शास्त्रज्ञ हुशार होते. मला राग येतो तो 'एकरी इतके लिटर' या भाषेचा. या भाषेत पीक दिसतं. पाणी, खत, वीज आणि वाळवणीचा खर्च दिसत नाही. हीच भाषा पुढे योजनांच्या टिपणांत आणि गुंतवणुकीच्या जाहिरातींत जशीच्या तशी उतरते आणि शेवटी एखाद्या गावाचं गायरान तिच्यापायी अडकून पडतं. म्हणून आज नुसता हिशेब करू.

*

पहिली अडचण खुद्द जीवाची. बायोडिझेल होतं ते तेलापासून. तेलात मिथेनॉल आणि थोडा अल्कली घालून तापवत ढवळायचं. ग्लिसरीन खाली बसतं, बायोडिझेल वर राहतं. शंभर किलो तेलाला साधारण दहा किलो मिथेनॉल. करंजाच्या तेलाचं होतं, पामतेलाचं होतं, तळून उरलेल्या तेलाचंही होतं. पण सायनोबॅक्टेरिया मुळात तेल साठवणारे जीव नव्हेत. जास्तीची साखर ते ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतात. त्यांच्यातली चरबी असते ती बहुतेक थायलाकॉइड नावाच्या पडद्यांत, म्हणजे जिथे ऊन पकडलं जातं नेमकी तिथेच. ती ओरबाडायची तर ऊन पकडायची जागाच मोडावी लागते.

स्पिरुलिनाचं उदाहरण घ्या. औषधाच्या दुकानात त्या नावाच्या हिरव्या गोळ्या मिळतात, त्या सायनोबॅक्टेरियाच्याच. भुकटीत ६० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं, स्निग्धांश सात-आठ टक्के. म्हणजे एक लिटर तेलाला बारा किलोच्या आसपास भुकटी हवी. किलोला ३०० रुपये असा पडता भाव धरला तरी ३,६०० रुपये झाले. पंपावरचं डिझेल नव्वदीच्या घरात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! मेळघाट आणि नंदुरबार ज्या राज्यात आहेत, तिथे या जीवाकडे बघताना आधी प्रथिनं दिसली पाहिजेत, डिझेल नव्हे.

यावर उत्तर मिळतं: जनुकं बदलू. ते करता येतं, यात शंका नाही. सायनोबॅक्टेरियात बदल करणं खऱ्या शेवाळापेक्षा पुष्कळ सोपं. त्यांच्यातल्या सिनेकोसिस्टिसचा पूर्ण जनुकसंच जपानच्या कझुसा संस्थेने १९९६ सालीच वाचला. प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवांत तो पहिला. अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली त्याच जीवाणूकडून मेदाम्लं पेशीबाहेर टाकून घेतली. पेशी फोडायला नको, वाळवायला नको. शाबासकी द्यावी असंच काम. पण किती मेदाम्लं? लिटरभर पाण्यात १९७ मिलिग्रॅम. एक लिटर इंधनाइतकी गोळा करायची तर साडेचार हजार लिटर पाणी पालथं घालावं लागेल. शिवाय उघड्या तळ्यात इतर जीवाणू ती मेदाम्लं खाऊन टाकतात. आणि तेल गाळणारी पेशी हळू वाढते. उत्परिवर्तन होऊन हे ओझं टाकणारी पेशी भराभर वाढते. काही पिढ्यांत टाकी तिच्याच ताब्यात.

*

हे सगळं काल-परवा कळलेलं नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ ते १९९६ अशी अठरा वर्षं शेवाळातून डिझेल काढायचा कार्यक्रम चालवला. सुमारे अडीच कोटी डॉलर खर्चले. तीन हजारांवर वाण गोळा केले, त्यातून तीनशेच्या आसपास निवडले. रॉसवेल इथे हजार-हजार चौरस मीटरची तळी बांधली. एखाद्या चांगल्या दिवशी चौरस मीटरला ५० ग्रॅमपर्यंत पीक आलं. रात्रीच्या थंडीने सरासरी मात्र दहाच्या आसपास अडकली.

त्यातून दोन धडे मिळाले. एक, नत्र तोडलं की पेशीत तेल वाढतं, पण वाढ खुंटते. एकूण तेल तिथल्या तिथेच. दुसरा, प्रयोगशाळेत जपलेला वाण उघड्या तळ्यात सोडला की आसपासचे रानटी वाण घुसून त्याला हुसकावून लावतात. १९९८ साली याचा जाडजूड अहवाल निघाला, कुणालाही वाचता येईल असा. तरी पुढच्या दशकात 'एकरी लिटर'ची बोली पुन्हा सुरू झालीच.

एक्सॉनमोबिलने २००९ साली शेवाळासाठी ६० कोटी डॉलरपर्यंतची तयारी जाहीर केली. २०१७ साली सोबतच्या कंपनीने एका शेवाळातलं तेल २० टक्क्यांवरून ४० टक्क्यांच्या वर नेऊन दाखवलं. खरंखुरं यश होतं ते. मग उद्दिष्ट ठरलं: २०२५ पर्यंत रोज दहा हजार बॅरल काढण्याची क्षमता. जगाची रोजची तेलाची तहान दहा कोटी बॅरलच्या घरात. म्हणजे सगळं मनासारखं झालं असतं तरी दहा हजारांत एक भाग. तेही झालं नाही. २०२३ च्या सुरुवातीला कंपनीने हात काढून घेतल्याची बातमी आली. हिरव्या पाण्याच्या जाहिराती मात्र तोवर घरोघरी पोचल्या होत्या.

आपल्या शेजारी जामनगरला, रिलायन्सच्या तेलशुद्धीकरण कारखान्याजवळ, अल्जेनॉल या अमेरिकी कंपनीच्या तंत्राने सायनोबॅक्टेरिया वाढवायचा प्रयोग २०१५ च्या जानेवारीत जाहीर झाला. त्याच वर्षी अल्जेनॉलच्या संस्थापकाने पद सोडलं आणि कंपनीने इंधनावरचा मोर्चा दुसरीकडे वळवला. अमेरिकी नौदलाने तर २०१० च्या सुमारास वीस हजार गॅलन शेवाळी इंधन ८५ लाख डॉलरना घेतलं. गॅलनला सव्वाचारशे डॉलर! आणि ते शेवाळ उन्हावर वाढलेलंही नव्हतं. बंद टाक्यांत साखर खाऊन वाढलेलं होतं.

*

आता तळ्याच्या काठावर उभं राहून बघू. लांबट गोलाकार तळं, फूटभर खोल, मधोमध आडवी भिंत. एका टोकाला पॅडलचं चाक. ते रात्रंदिवस पाणी फिरवतं, कारण थांबलं की पेशी तळाशी बसतात. पाणी इतकं गडद हिरवं की बोटभर खालचं दिसत नाही. बघणाऱ्याला वाटतं, केवढं भरघोस पीक! त्यातलं लिटरभर पाणी गाळा, वाळवा, तराजूत घाला. अर्धा ते एक ग्रॅम. एवढंच. म्हणजे किलोभर सुक्या पिकासाठी हजार ते दोन हजार लिटर पाणी उपसायचं आणि गाळायचं. पेशी मायक्रॉनमध्ये मोजाव्या अशा. साध्या फडक्यातून आरपार जातात. शेवटी सेंट्रिफ्यूजमधून हाती येतो तो चक्क्यासारखा हिरवा गोळा. चमच्याने उचलावा इतका घट्ट. आणि त्यातही पाच भागांतले चार भाग पाणीच.

खरं गणित इथे आहे. किलोभर सुक्या पिकामागे या गोळ्यात चार किलो पाणी असतं. एक किलो पाण्याची वाफ करायला २.२६ मेगाज्यूल उष्णता लागते. चार किलोला नऊ. सुक्या पिकात तेल २५ टक्के धरू, सायनोबॅक्टेरियाच्या कुवतीबाहेरचा उदार आकडा घेऊ. तेल मिळालं २५० ग्रॅम. ते जाळलं तर उष्णता सव्वानऊ मेगाज्यूल. म्हणजे जेवढं हाती आलं तेवढं वाळवण्यातच गेलं. चाक, पंप, सेंट्रिफ्यूज, खत, मिथेनॉल यांचा खर्च वेगळा. नमनालाच घडा रिकामा.

उन्हात वाळवा म्हणाल, तर अंगणं हवीत तळ्यांच्या मानाने मोठी, आणि पावसाळ्याचे चार महिने काय करायचं तेही सांगा. न वाळवता, ओल्या गोळ्यालाच तीनशे अंशांच्या आसपास प्रचंड दाबाखाली शिजवून कच्चं तेल काढायची एक रीत आहे. त्या तेलात नत्र उरतं, शुद्धीकरण अवघड जातं, पण वाळवणीचा खड्डा तिने टळतो. संशोधनाचा पैसा घालायचा तर अशा ठिकाणी घालावा. फक्त तोवर एकरी लिटरचे फलक लावू नयेत.

*

समजा, ही सगळी विघ्नं टळली. देशाचा विचार करू. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळायचं उद्दिष्ट आहे. देशात वर्षाला सुमारे नऊ कोटी टन डिझेल जळतं. त्याचे ५ टक्के म्हणजे ४५ लाख टन. वर्षभर रोज चौरस मीटरला २० ग्रॅम पीक, म्हणजे रॉसवेलच्या सरासरीच्या दुप्पट, आणि त्यात २५ टक्के तेल धरलं तर हेक्टरी १८ टन तेल. तरी अडीच लाख हेक्टर तळी लागतात. अडीच हजार चौरस किलोमीटर. जायकवाडीचा नाथसागर तुडुंब भरला की साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरतो. असे सात नाथसागर. तेही फूटभर खोल, सपाट, अस्तर घातलेले.

पाण्याचं काय? उघड्या पाण्याची वाफ वर्षाला दीड मीटर धरली तर या तळ्यांवरून १३० टीएमसी पाणी उडून जाईल. कोयना धरणाची पूर्ण साठवण १०५ टीएमसी. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावांच्या राज्यात कुठली तरी कोयना आणि वर तिचा चौथा हिस्सा, दर वर्षी, फक्त वाफेला द्यायचा. समुद्राचं पाणी घ्या म्हणाल, तर वाफ होते ती पाण्याची. मीठ तळ्यातच साचतं आणि ते खारं पाणी शेवटी कुठे तरी सोडावंच लागतं.

आणि खत? एवढ्या तेलामागे सुकं पीक सुमारे १ कोटी ८० लाख टन. त्यात नत्र नुसतं ५ टक्के धरलं तरी नऊ लाख टन. म्हणजे जवळपास २० लाख टन युरिया. युरिया होतो नैसर्गिक वायूपासून. चोथ्यातून काही नत्र परत फिरवता येईल, पण ज्या देशात खरिपाच्या तोंडावर युरियाच्या गोणीसाठी रांगा लागतात, तिथे हा आकडा पहिल्या पानावर छापला पाहिजे, परिशिष्टात नव्हे.

'कारखान्याचा धूर पिऊन टाकेल' हेही ऐकवलं जातं. पितं, पण ते डिझेल ट्रकमध्ये जळलं की तोच कार्बन हवेत जातो. एकाच कार्बनवर दोन कामं होतात, म्हणजे फार तर निम्मी बचत. त्याच जमिनीवर सौर पॅनल टाकून विजेची गाडी चालवली तर उन्हातली दहा पटींहून जास्त ऊर्जा चाकापर्यंत पोचते. बस, रिक्षा, छोटा टेम्पो यांचा प्रश्न तिथेच सुटतो. उरतात ती विमानं आणि दूरची जहाजं. द्रव इंधनाचा शोध त्यांच्यासाठी चालू राहावा.

*

इतका आग्रह धरायला कारण आहे. मोगली एरंड आठवा. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने त्याच्या बायोडिझेलचं स्वप्न मांडलं. एक कोटीहून जास्त हेक्टरवर लागवड, २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के मिश्रण. पडीक जमिनीवर, विनापाणी, विनाखत वाढेल असं सांगितलं गेलं. रोप जगलंही, बी मात्र फारसं आलं नाही, कारण पाणी आणि खताशिवाय हे झाड पुरेसं तेल देत नाही. २००९ च्या धोरणात तेच २० टक्के २०१७ वर ढकलले. २०१८ मध्ये ५ टक्के झाले आणि मुदत २०३०. प्रत्यक्ष मिश्रण एक टक्क्याच्याही खालीच राहिलं. ज्यांनी बांधावर, गायरानावर रोपं लावली त्यांचा हंगाम आणि चराई गेली, ती कुणी भरून दिली नाही. हे दुसऱ्यांदा होता कामा नये.

*

मग हे जीव सोडून द्यायचे? मुळीच नाही. सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू आणला तो यांनीच. झाडाच्या प्रत्येक हिरव्या पानात जे हरितलवक आहे, ते यांच्याच पूर्वजांचं. त्यांच्याकडून काय मागायचं, एवढाच प्रश्न आहे.

पहिली मागणी आपल्या पवई तलावातून सुरू होते. आयआयटी मुंबईतल्या प्रमोद वांगीकर यांच्या गटाने तिथल्या पाण्यातून सिनेकोकोकसचा एक वाण वेगळा केला. पीसीसी ११८०१ या नावाने तो जगाला माहीत आहे. २०१८ साली त्याचा शोधनिबंध आला. साध्या हवेवर तो सव्वादोन तासांत दुप्पट होतो, कडक ऊन आणि उष्णता सोसतो, बाहेरचं जनुक सहज आत घेतो. त्याच्याकडून सक्सिनिक आम्लासारखी रसायनं करून घ्यायचं काम पुढे झालंय. डिझेलपेक्षा किती तरी पट भावाचा माल, थोड्या टाक्यांत. पैसा इथे द्या, दहा वर्षांच्या बोलीने द्या, दर वर्षी उपयोगिता प्रमाणपत्राच्या रांगेत उभं करू नका. आणि पवईत उतरणारं सांडपाणी थांबवा. ज्या तलावाने असा वाण दिला, त्यात आणखी काय आहे हे आपण अजून नीट बघितलेलंही नाही.

दुसरी मागणी सांडपाण्याची. बर्कलीत विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५० च्या दशकात उथळ तळ्यांत दाखवून दिलं की ऊन मिळालं की शेवाळ प्राणवायू सोडतं, त्यावर जीवाणू मैला पचवतात आणि हवा फुंकायच्या यंत्रांची वीज वाचते. उजनीचं पाणी हिरवं पडतं ते वरून येणाऱ्या नत्र-स्फुरदाने. तेच नत्र-स्फुरद गावाच्या, शहराच्या वेशीवर तळ्यात अडवलं तर नदी वाचते, युरिया विकत घ्यावा लागत नाही आणि उरलेल्या पिकाचं खत किंवा बायोगॅस होतो. छोट्या नगरपालिकांना हे झेपणारं आहे.

तिसरी मागणी भाताच्या खाचरातली. खाचरात नत्र स्थिर करतं ते निळं-हिरवं शेवाळ, हे पी. के. डे यांनी १९३९ सालीच दाखवलं. लावणीनंतर आठवड्याभराने हेक्टरी दहा किलो शेवाळ-खत टाकलं तर हंगामात २० ते ३० किलो नत्र मिळतं, अशी शिफारस जुनी आहे. कोकणातल्या शेतकऱ्याला ते वेळेवर आणि जिवंत मिळालं पाहिजे.

आणि बायोडिझेल आजच हवं असेल तर ते कढईत आहे. तळणाच्या तेलातले ध्रुवीय घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यात वापरायला बंदी आहे. असं तेल गोळा करून बायोडिझेल करायचा उपक्रम अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली सुरू केला. हॉटेलातून निघालेलं काळं तेल आज गाडीवाल्याच्या कढईत जाऊन लोकांच्या पोटात जातं. ते टाकीत वळवलं तर इंधनही मिळेल आणि काळीजही वाचेल.

शेवाळाच्या डिझेलचा प्रस्ताव उद्या तुमच्या तालुक्यात आला, तर ग्रामसभेत तीन आकडे मागा. एक लिटर तेलामागे एकूण किती ऊर्जा आत गेली? वर्षाची सरासरी किती, सर्वांत चांगल्या दिवसाची नव्हे? पाणी आणि नत्र कुठून येणार, त्यातलं किती परत फिरणार? तिन्ही आकडे बारा महिने चालवलेल्या किमान एकरभर तळ्यावरचे हवेत, बाटलीतले नकोत. ते कागदावर, सहीनिशी आले तर जमिनीचं बोलणं सुरू करा. नाही आले, तर गायरानातला एक गुंठाही देऊ नका.